बोर्ड बघून कळतं कसं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. "काका, बोर्डावर एवढ्या चिप, एवढ्या आयसी, त्यातली नेमकी कुठली गेलीय हे बोर्ड बघून कळतं कसं?" वागळे इस्टेटमधल्या माझ्या गाळ्यात गेमचं मशीन घेऊन येणारा जवळजवळ प्रत्येक जण हे विचारतो. खरं सांगू? बघून काही कळत नाही. आणि बऱ्याचदा आयसी गेलेलीच नसते.

गेल्या पावसाळ्यात घोडबंदर रोडवरून एक गृहस्थ टेम्पोत घालून पिनबॉल घेऊन आले. नव्वदच्या दशकातलं, अमेरिकन. तक्रार एकच: दोन्ही फ्लिपर, म्हणजे चेंडू टोलवणाऱ्या पट्ट्या, एकदम दाबले की डिस्प्ले काळा आणि खेळ पुन्हा पहिल्यापासून. आधीच्या कारागिराने सीपीयू बोर्डावरच्या चार आयसी बदलल्या होत्या. सोल्डरचे टाके इतके स्वच्छ की राग यायच्या ऐवजी वाईटच वाटलं. हात चांगला, जागा चुकलेली.

अर्धं उत्तर तक्रारीतच होतं. एक फ्लिपर दाबला तर चालतं, दोन दाबले तर बसतं. म्हणजे भार सोसत नाहीये. फ्लिपरच्या कॉइल ५० व्होल्टच्या वर चालतात. दोन्ही एकदम ओढल्या की ट्रान्सफॉर्मर क्षणभर दबतो. त्याच ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या वाइंडिंगमधून ९ व्होल्टच्या आसपास एसी निघतं, एसीचं डीसी करणाऱ्या ब्रिजमधून जाऊन १५,००० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमध्ये साठतं, आणि पुढे रेग्युलेटर त्याचे ५ व्होल्ट करून बोर्डाला देतो. हे ५ घसरून ४.६ च्या आसपास आले की तीन पायांची एक चिमुकली आयसी प्रोसेसरला रीसेट देते. ती बिचारी आपलं काम चोख करत होती.

मीटर लावला, ४.९८. "बघा, सप्लाय तर ठीक आहे," मालक म्हणाले. पण मीटर सरासरी सांगतो, मधला खड्डा नाही. मीटर एसीवर टाकला, म्हणजे नुसता चढउतार दिसेल, कपॅसिटरच्या पायांवर धरला आणि भाच्याला म्हटलं, "दाब दोन्ही." आकडा टुणकन वर उडाला, डिस्प्ले गेला.

इथे एक गंमत आहे. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, त्यामुळे हा कपॅसिटर सेकंदाला १२० वेळा भरतो. आपल्याकडे ५० हर्ट्झ, म्हणजे १०० वेळा. दोन भरण्यांच्या मधे तिकडे ८.३ मिलिसेकंद काढायचे, इकडे १०. तिकडे कसाबसा तगलेला म्हातारा कपॅसिटर ठाण्यात येऊन उघडा पडतो.

सप्लायचा बोर्ड काढून उलटा केला, भिंग धरलं. कपॅसिटरच्या पायाभोवती केसाएवढी काळी गोल रेघ, वाटीत वाळलेली साय कडेने सुटावी तशी. आमच्या भाषेत 'ड्राय'. वरून कपॅसिटर बोटाने हलवला तर रेघ उघडझाप करत होती. जड वस्तू, त्यात वर्षानुवर्षं कॉइलचे दणके, टाका सुटणारच.

जांभळी नाक्याजवळच्या गेम पार्लरमध्ये 'मुस्तफा' या गेमचे बोर्ड करत मी हे काम शिकलो. खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', कॅपकॉमचा, १९९३ चा; पण ते नाव कोण घेतंय! तिथेही उस्ताद आधी कनेक्टरचे पत्रे खोडरबराने घासायला लावायचे आणि मग बोर्डाच्या तोंडाशी ५ व्होल्ट मोजायला. सप्लायपाशी नाही, बोर्डाच्या तोंडाशी. आयसीला हात त्यानंतर.

लॅमिंग्टन रोडवरून नवा कपॅसिटर आणि ३५ अँपिअरचा ब्रिज आणला. जुनं सोल्डर ओढून काढलं, नवे टाके घातले, ब्रिजपासून कपॅसिटरपर्यंत खालून एक जाड वायरही मारली. सीपीयू बोर्डावरचे तीन सेल गळायच्या बेतात होते, तेही बदलले.

मालकांनी दोन्ही बटणं दाबली. पुन्हा दाबली. मग जोरात, दहा-बारा वेळा.

"मग त्या चार आयसींचं काय?"

"राहू देत, चांगल्या आहेत."

बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. यांचा दुसरा चेंडू चालू होता.