दीडशे रुपयांची हजामत आणि डॉलरचा हिशोब

भाचा आलाय न्यू जर्सीहून. परवा त्याला दादरला आमच्या नेहमीच्या सलूनमध्ये नेलं, केस कापले, वर चंपी, बिल दीडशे रुपये. साहेबांनी मनातल्या मनात डॉलर केले आणि म्हणतो, "मामा, हे तर फुकटच झालं, तिकडे मी टिप याच्यापेक्षा जास्त देतो." कात्री तीच, डोकंही तेच (केस थोडे कमी झालेत ते सोडा), मग इथे इतकं स्वस्त का?

तर गोष्ट अशी की डॉलरचा भाव ठरतो तो तेल, मशिनरी, सॉफ्टवेअर, परदेशी गुंतवणूक असल्या देशाबाहेर ये-जा करणाऱ्या गोष्टींवर, आणि सलून काही कंटेनरमध्ये भरून न्हावाशेवाहून पाठवता येत नाही. श्रीमंत देशात कारखान्यातल्या माणसाचा पगार वाढतो, मग त्याच्या मागोमाग केस कापणाऱ्यालाही जास्त द्यावे लागतात, नाहीतर तो कशाला थांबेल त्या कामात. बलासा आणि सॅम्युएलसन या अर्थतज्ज्ञांनी हे 1964 मध्येच मांडून ठेवलंय.

म्हणून मग पीपीपी, म्हणजे क्रयशक्तीचा हिशोब. 1968 मध्ये संयुक्त राष्ट्रसंघ आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने हे काम सुरू केलं, आता वर्ल्ड बँक बघते. देशोदेशी सारख्याच वस्तूंचे, सेवांचे भाव गोळा करायचे आणि त्यावरून दर काढायचा. 2017 च्या फेरीत भारताचा दर आला डॉलरला साधारण 20 रुपये 65 पैसे, म्हणजे अमेरिकेत एका डॉलरला जे मिळतं ते इथे एवढ्यात, बाजारात तेव्हा डॉलर 65 च्या आसपास होता! म्हणजे एका झटक्यात आपली अर्थव्यवस्था तिप्पट, आणि जगात तिसरा नंबर. व्हॉट्सअॅपवर फिरतो तो बहुतेक हाच नंबर, फक्त पीपीपी हा शब्द वाटेत कुठेतरी गळून पडतो.

पण सारखी वस्तू आणायची कुठून? 'द इकॉनॉमिस्ट' साप्ताहिकाने 1986 मध्ये बिग मॅक इंडेक्स काढला, म्हणजे मॅकडोनाल्ड्सच्या एकाच बर्गरचे देशोदेशीचे भाव ताडून बघायचे, आता आपल्याकडे बीफवाला बिग मॅकच नाही म्हटल्यावर चिकनचा महाराजा मॅक घेतात, आणि तोही इथे रोजचं खाणं थोडंच आहे, वडापाव धरा ना राव. चीनचं तर 2005 मध्ये भाव 11 शहरांतून घेतले आणि आधीच्या अंदाजापेक्षा अर्थव्यवस्था जवळपास 40 टक्के लहान निघाली. एकाही चिनी माणसाच्या ताटातला भात कमी झाला नव्हता, बरं का.

मला खटकतं ते वेगळंच. अख्ख्या देशाला एकच दर, लातूरला तोच आणि दादरला तोच. भाच्याला म्हटलं, सलूनवरून मुंबई स्वस्त ठरवू नको, आपल्या बिल्डिंगमधल्या वन बीएचकेचं भाडं विचार. वॉचमनला विचारून आला आणि गप्पच झाला, मग म्हणे आयफोनही इथे महागच आहे.

जायच्या आधी परत एकदा केस कापणार आहे म्हणतो. पंधरा दिवसांत काय वाढणारेत, पण असू दे.