पंचवीस मिनिटं मागे

डब्लिनच्या एका जुन्या दुकानात ते खिशातलं घड्याळ पाहिलं. सोन्याचं, पाठीवर गर्द निळा मीना. दुकानदारानं ते मखमलीवर ठेवलं आणि माझ्या तोंडून निघालं, "किती कॅरेट?" सराफाच्या पेढीवरची सवय, दुसरं काय!

त्यानं मागचं झाकण उघडून हातात भिंग दिलं. आत बारीक ठसे. मुकुटवाला हार्प असेल तर बावीस कॅरेट, तीन पिसं असतील तर वीस, शिंगवाल्या घोड्याचं डोकं असेल तर अठरा. ही आयर्लंडची रीत 1784 पासूनची. इथे घोडा होता.

मीन्यावरून मात्र नजर हटेना. सोन्यावर आधी लहरी कोरायच्या, वर काचेची रंगीत पूड पसरून भट्टीत भाजायची, आणि हे पुन्हा पुन्हा. काच वितळून आरपार झाली की तळातल्या लहरी पाण्याखालच्या वाळूसारख्या दिसतात. कडेला एक टवका उडालेला होता. कधीतरी कुणाच्या हातून पडलं असणार. त्या घरात त्या दिवशी काय बोलणी बसली असतील, हे मला अगदी ऐकू आलं.

काटे चार-दहावर थांबलेले. पण चार-दहा कुठले? डब्लिनची वेळ तेव्हा लंडनच्या 25 मिनिटं 21 सेकंद मागे असे. 1880 च्या कायद्यानं ती साऱ्या आयर्लंडची झाली. 1916 च्या ऑक्टोबरात उन्हाळी वेळ संपली, तेव्हा लंडनची घड्याळं तासभर मागे गेली आणि डब्लिनची जेमतेम पस्तीस मिनिटं. झालं, फरक मिटला. ब्रिटिशांविरुद्धचं एप्रिलातलं बंड चिरडून सहा महिनेही झाले नव्हते. लोकांना ते झोंबलं नसतं तरच नवल.

आपल्या मुंबईचंही तेच. 1906 मध्ये देशाला एक वेळ मिळाली, पण शहर आपली 39 मिनिटं मागची 'मुंबई वेळ' सोडायला कितीतरी वर्षं तयार नव्हतं. आजीच्या लग्नपत्रिकेत मुहूर्तापुढे 'स्टँ. टा.', म्हणजे स्टँडर्ड टाइम, छापलेलं होतं. लहानपणी मला ते एखाद्या पाहुण्याचं आडनाव वाटायचं.

दुकानदारानं किंमत सांगितली. मी "अरे वा" म्हणून भिंग परत दिलं. बाहेर येऊन मनगटाकडे पाहिलं, तर तिथे अजून ठाण्याचीच वेळ होती.