पिल्ले कुठे गेली?

गेल्या फेब्रुवारीत एका सकाळी भरतीच्या वेळी नवी मुंबईत नेरूळला टीएस चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेजवळच्या पाणथळीकाठी मी रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांची छायाचित्रे काढली. खाडीतले चिखलपट्टे भरतीच्या पाण्याखाली गेले की हे पक्षी विसाव्यासाठी या उथळ पाण्यात उतरतात आणि ओहोटी लागेपर्यंत एका पायावर उभे राहतात, त्यामुळे छायाचित्रे काढणाऱ्याला भरपूर वेळ मिळतो. घरी आल्यावर मी एका छायाचित्रावर विकत घेतलेला तयार प्रीसेट, म्हणजे रंग-उजेडाचे ठरावीक बदल एका बटणाने करणारा फिल्टर, लावला, तोच उरलेल्या चाळीस छायाचित्रांवर एका झटक्यात चढवला आणि ती सगळी संध्याकाळी आमच्या पक्षीनिरीक्षक मंडळींना पाठवून दिली. कौतुक पुष्कळ झाले. रात्री मात्र आमच्यातल्या सर्वांत ज्येष्ठ सदस्यांचा निरोप आला: "ताई, फोटो देखणे आहेत, पण यांतली पिल्लं कुठे गेली?"

मी मूळ छायाचित्रे पुन्हा उघडली. पुढच्याच रांगेत राखाडी-मळकट अंगाचे, पंखांवर तपकिरी रेघा असलेले तीन पक्षी स्पष्ट दिसत होते. प्रीसेटने उजळ भागांत गुलाबी छटा मिसळली होती, सावल्या उचलल्या होत्या आणि लाल-नारिंगी रंग वाढवले होते. त्यामुळे ती तिन्ही पिल्ले आजूबाजूच्या प्रौढ पक्ष्यांसारखीच फिकट गुलाबी झाली होती. रोहिताचा गुलाबी रंग जन्मजात नसतो. शेवाळासारख्या खाद्यातून मिळणाऱ्या कॅरोटिनॉइड द्रव्यांमुळे तो पिसांत हळूहळू उतरतो आणि त्याला दोन-तीन वर्षे लागतात. म्हणून थव्यात राखाडी पक्षी किती आहेत यावरून अलीकडच्या हंगामांत पिल्ले किती जगली याचा अंदाज बांधता येतो. ती माहिती माझ्या छायाचित्रांतून नाहीशी झाली होती आणि ती मीच एका बटणाने घालवली होती.

त्या निरोपावरून आमच्यात बराच वाद झाला. एका तरुण सदस्याचे म्हणणे असे की फिल्टर म्हणजे निव्वळ आळस आहे, एडिटिंग करायचेच असेल तर रंग-उजेड कमीजास्त करणारा प्रत्येक स्लायडर स्वतःच्या हाताने हलवावा, आणि खरे म्हणजे कॅमेऱ्यातून जसा फोटो निघतो तसाच ठेवावा. त्याचा प्रामाणिकपणा मला मनापासून आवडला, पण त्याचे म्हणणे मला पटत नाही. का पटत नाही, हे नीट मांडावे म्हणून हे लिहीत आहे.

'कॅमेऱ्यातून जसा निघतो तसा' असा फोटो मुळात नसतो. कॅमेऱ्याच्या सेन्सरला रंग कळत नाही, त्याला फक्त प्रकाश कमी की जास्त एवढेच कळते. म्हणून त्याच्या प्रत्येक बिंदूवर लाल, हिरवा किंवा निळा असा एकेक सूक्ष्म फिल्टर बसवलेला असतो. त्यांतले निम्मे हिरवे असतात आणि उरलेल्यांत लाल व निळे समसमान. कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर यांच्या नावे 1976 साली या रचनेचे पेटंट मिळाले आणि आजही बहुतेक कॅमेरे तिच्यावरच चालतात. याचा अर्थ, प्रत्येक बिंदूवर तीनपैकी एकच रंग प्रत्यक्ष मोजलेला असतो आणि बाकीचे दोन शेजारच्या बिंदूंवरून गणिताने काढलेले असतात. सेन्सरची कच्ची नोंद असलेल्या चौदा बिटांच्या रॉ फाइलमध्ये उजेडाच्या 16,384 पायऱ्या मावतात, तर नेहमीच्या जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या फक्त 256. मधल्या पायऱ्यांपैकी काय ठेवायचे, काय टाकायचे, आकाश किती निळे करायचे, हे कॅमेरा बनवणाऱ्यांनी आधीच ठरवून ठेवलेले असते. माझ्या तरुण मित्राला जो फोटो न शिवलेला वाटतो, तोसुद्धा दुसऱ्या कोणीतरी घेतलेल्या निर्णयांतून घडलेला असतो.

फिल्मच्या काळीही हेच होते. फुजीची वेल्व्हिया ही पारदर्शिकेची फिल्म 1990 साली आली तेव्हा निसर्गचित्रे काढणाऱ्यांनी ती तिच्या गडद, रसरशीत रंगांसाठीच उचलून धरली. फिल्म निवडणे हा फिल्टर निवडण्याचाच एक प्रकार होता आणि तो छायाचित्र काढण्याच्या आधी करावा लागे. अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स यांनी 1927 साली तिथल्या योसेमिटीतल्या हाफ डोम या कड्याचे जे प्रसिद्ध छायाचित्र घेतले, त्याची हकीकत या संदर्भात मला फार मोलाची वाटते. त्यांनी आधी भिंगावर पिवळा फिल्टर लावून एक काच (फिल्मऐवजी वापरायची निगेटिव्हची काच) वापरली. मग त्यांच्या लक्षात आले की यात आकाश फिके येईल आणि कड्याची जी भव्यता आपल्याला जाणवते आहे ती उतरणार नाही. हाताशी उरलेल्या शेवटच्या काचेसाठी त्यांनी गडद लाल फिल्टर लावला. त्या चित्रात आकाश जवळजवळ काळे आहे, डोळ्यांना ते तसे दिसत नव्हते, तरीही त्याला कोणी आळस म्हणणार नाही. फिल्टर लावण्यापूर्वी त्यांनी पाहिले होते, आपल्याला काय हवे आहे हे मनाशी ठरवले होते आणि ते कशाने साधेल याचा विचार केला होता. माझ्या चाळीस छायाचित्रांच्या बाबतीत या तिन्हींपैकी एकही गोष्ट घडली नव्हती.

माझे मामा ठाण्यात जांभळी नाक्याजवळच्या एका स्टुडिओत रीटचिंगचे काम करत. लहानपणी मी त्यांच्या शेजारी स्टुलावर बसून तासन्‌तास ते पाहत असे. तिरप्या लाकडी मेजात दुधी काच बसवलेली असे, तिच्यामागून उजेड येई आणि त्यावर निगेटिव्ह ठेवलेली असे. पेन्सिलीचे शिसे बोटभर उघडे करून ते पॉलिश कागदावर घासून सुईसारखे टोकदार केलेले असे. निगेटिव्हवर सगळे उलटे असल्यामुळे चेहऱ्यावरचा काळा डाग तिथे पारदर्शक ठिपका म्हणून दिसतो. मामा त्या ठिपक्यावर स्वल्पविरामासारख्या बारीक रेघा ओढत, म्हणजे तिथून प्रकाश कमी जाई आणि छापलेल्या फोटोत डाग उजळून निघे. रेघ जरा जाड झाली तर गालावर पांढरा चट्टा उठे, म्हणून ते काम श्वास रोखून चाले. मुरूम ते काढत, कारण तो आठ दिवसांत जाणारच असतो. तीळ, जुन्या जखमेची खूण किंवा देवीचे व्रण यांना मात्र ते गिऱ्हाइकाने सांगितल्याशिवाय हात लावत नसत. "तो माणूस आरशात रोज बघतो ते त्याला फोटोत दिसलं पाहिजे," असे ते म्हणत.

फोनमधल्या सौंदर्य फिल्टरला मुरूम आणि तीळ यांतला फरक ठाऊक नसतो. गेल्या वर्षी ठाण्यात माझ्या भाचीचे लग्न झाले. अल्बम हाती आला तेव्हा तिचा सावळा रंग कुठेच नव्हता. हळदीपासून सप्तपदीपर्यंत सगळीकडे एकच गोरटेली, पिठूळ त्वचा होती आणि हनुवटीवरचा तीळही गेला होता. ती फोटोंकडे बराच वेळ पाहत बसली आणि म्हणाली, "मावशी, ही मी नाहीच." छायाचित्रकाराला विचारले, तर सगळ्यांना असेच आवडते, म्हणून सगळ्याच लग्नांना हाच फिल्टर लावतो, असे उत्तर मिळाले. मूळ फाइली मागून घेऊन भाचीने आणि मी अल्बम नव्याने करून घेतला. हा आजार जुना आहे. कोडॅकची प्रयोगशाळांमध्ये रंग जुळवण्यासाठी वापरली जाणारी शर्ली कार्डे अनेक वर्षे गोऱ्या स्त्रियांच्याच छायाचित्रांची होती, आणि सावळ्या कातडीचे रंग त्या मापाने छापले जात. कोणाच्या तरी पसंतीचे माप सर्वांच्या चेहऱ्यांवर बसवणे मला आळसाहून गंभीर वाटते, मग ते हाताने केलेले असो की बटणाने.

याचा अर्थ फिल्टर वापरूच नये असा नाही. मी प्रीसेट आजही वापरते. एकाच सभागृहात, एकाच पिवळ्या उजेडात काढलेली पाचशे छायाचित्रे एकेक करून सुधारण्यात काही पुण्य नाही. 2010 साली इन्स्टाग्राम आले तेव्हा फोनचे कॅमेरे दुबळे होते आणि अंधूक फोटो फिल्टरमुळे पाहण्याजोगे होत, यातही मला गैर वाटत नाही. नवशिक्यांना तर मी मुद्दाम प्रीसेट लावून बघायला सांगते, मात्र लावल्यावर त्याने कोणकोणते स्लायडर हलवले हे उघडून वाचायलाही सांगते. श्रम किती केले यावरून छायाचित्राची किंमत मला ठरवता येत नाही. दोन तास खपून केलेले एडिटिंगसुद्धा डोळे मिटून केलेले असू शकते.

माझ्याकडून हे आणखी एकदा घडले आहे. जानेवारीतल्या एका सकाळी ऐरोलीहून खाडीपलीकडचे दृश्य टिपले होते. लाइटरूम या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये 2015 सालापासून धुरके कमी करणारा डीहेझ नावाचा स्लायडर आहे. तो उजवीकडे सरकवला आणि पलीकडच्या इमारती धुऊन काढल्यासारख्या लख्ख दिसू लागल्या. ज्या धुरक्याने त्या सकाळी माझा घसा खवखवत होता, ते चित्रातून पार गेले होते. भिंतीवर लावायला ते चित्र चालले असते, पण 'जानेवारीतली ऐरोली' असे त्याखाली लिहून मी ते पाठवले होते आणि ते खरे नव्हते. ठाणे खाडीचे रोहित अभयारण्य 2015 साली घोषित झाले आणि 2022 साली खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला, परंतु नेरूळची ती पाणथळ त्या अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहे. तिथे कोणते पक्षी येतात हे दाखवायची वेळ आली, तर आमच्यासारख्यांची छायाचित्रेच पुढे ठेवावी लागतील. त्यांतले रंग खरे नसतील, तर ती कोणाच्या उपयोगी पडणार?

रोहितांची ती छायाचित्रे मी दोन संध्याकाळी बसून पुन्हा केली. एका छायाचित्रात कोपऱ्यात एक बगळा उभा होता. त्याच्या पाठीवरचा पांढरा रंग प्रमाण धरून मी व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाची झाक काढण्याचे माप) बसवला, तेव्हा सकाळच्या उन्हाचा पिवळेपणा उतरला, प्रौढ पक्ष्यांचा गुलाबी रंग आपोआप नितळ झाला आणि पिल्ले राखाडीच राहिली. थोडा कॉन्ट्रास्ट वाढवला, सॅच्युरेशनला, म्हणजे रंगांच्या गडदपणाला, हात लावला नाही. तेवढ्याचा एक प्रीसेट तयार केला आणि तो बाकीच्या छायाचित्रांवर चढवला, पण या वेळी प्रत्येक छायाचित्र मोठे करून मुळाशी ताडून पाहिले. ढगाआड ऊन गेले होते त्या सहा छायाचित्रांत तो चुकीचा ठरला, म्हणून ती वेगळी सुधारली. मग सगळी पुन्हा पाठवली. ज्येष्ठांचे उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आले. त्यांनी सर्वांत मोठ्या थव्याचे छायाचित्र निवडून मोजणी केली होती: "एकूण बहात्तर, त्यांत पिल्लं अकरा. डावीकडचं बारावं वाटतंय, पण पाण्यात मान घातली आहे. पुढचा फोटो असेल तर पाठवा."