तुकड्यांचा डबा

दिवाळीच्या आधी माळा आवरायला काढला, तर वरून आंबट वास आला. मला वाटलं, लोणच्याची एखादी बरणी मागे राहून फुटली असेल. सून खालून म्हणाली, "आई, सिरका सांडलाय का वर?" बरणी नव्हती. जुन्या गोधडीखाली नानांचा पत्र्याचा डबा होता. झाकण उघडलं तसा वास नाकातच बसला. आत सिनेमाच्या फिल्मचे तुकडे होते, काही वीतभर, काही हातभर. बरेचसे कडेला लाटांसारखे वळले होते. त्यांच्यात प्रोजेक्टरच्या दिव्यात जळणाऱ्या, तांब्याचा मुलामा दिलेल्या कार्बनच्या कांड्यांची दोन-चार थोटकंही होती.

नाना, म्हणजे माझे वडील, टुरिंग टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. पावसाळा सोडला तर वर्षभर तंबू खानदेशात फिरायचा. वैशाखात अमळनेरला, सखाराम महाराजांच्या यात्रेत, बोरी नदीच्या कोरड्या पात्रात. मार्गशीर्षात तापीकाठी सारंगखेड्याला, जिथे एकीकडे दत्ताची यात्रा आणि एकीकडे घोड्यांचा बाजार. मधल्या काळात चोपडा, यावल, पारोळा, जिथे जागा आणि परवाना मिळेल तिथे. शाळेला सुट्टी लागली की माय मला आणि भावाला घेऊन तंबूच्या मागच्या राहुटीत मुक्कामाला यायची.

मी नऊ-दहा वर्षांची असल्यापासून जॉइंट लावायचे. फिल्म तुटली की दोन्ही टोकं सरळ कापायची. एका टोकावरचा चित्राचा थर ब्लेडने खरवडून काढायचा, त्यावर चिकटवायच्या सोल्युशनचा एकच हात फिरवायचा आणि कडेच्या भोकावर भोक बसवून दाबून धरायचं. नाना म्हणायचे, माझी बोटं बारीक आहेत, माझा जॉइंट अडकत नाही. शेवटचं काम ते स्वतः करत. कडेला आवाजाची पट्टी असते, तिच्यावर जॉइंटच्या जागी काळ्या शाईचा छोटा त्रिकोण काढायचे, म्हणजे भोंग्यातून 'टक्' असा आवाज येत नाही. आवाज आणि चित्र फिल्मवर शेजारी शेजारी नसतात. आवाज त्याच्या चित्राच्या सुमारे 20 फ्रेम पुढे असतो. म्हणून तुटलेल्या जागचं चित्र कापलं की आवाज दुसऱ्याच फ्रेमचा जातो. बाई पडद्यावर बोलत असते आणि तिचा एक शब्द गिळला जातो, तो असा.

दर जॉइंटला एक-दोन फ्रेम तरी जायच्याच. सेकंदाला 24 फ्रेम, त्यामुळे दोन गेल्या तर कुणाला कळत नाही. पण आमच्याकडे यायची ती प्रिंट आधी मोठ्या शहरात, मग जिल्ह्याला, मग तालुक्याला फिरून यायची. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी तिला कापून जोडलेलं असायचं. कुठे भोकं फाटली म्हणून हातभर फिल्म काढून टाकलेली, कुठे शेवटचा शो लवकर संपावा म्हणून अख्खं गाणं.

एक तमाशापट आम्ही इतक्यांदा लावला की मला तो तोंडपाठ होता. त्यात नायिका चुलीपुढून उठते आणि पुढच्याच क्षणी बैलगाडीत बसलेली दिसते. मला ते फार आवडायचं. वाटायचं, काय बाई आहे, उठली की निघाली, मागे वळून बघत नाही. लग्नानंतर कधीतरी टीव्हीवर तोच चित्रपट लागला. चूल आणि बैलगाडीच्या मध्ये ती आईच्या पायावर डोकं ठेवून रडते. चाळीस सेकंद तरी असेल ते. चाळीस सेकंद म्हणजे 60 फूट फिल्म. मी ज्या बाईला वीस वर्षं मनात धरून होते ती त्या चित्रपटात नव्हतीच, कुठल्या तरी ऑपरेटरच्या कात्रीने केलेली होती. त्या रात्री मला झोप लागली नाही. आमच्या तंबूत जमिनीवर बसून ज्या हजारो माणसांनी तो चित्रपट पाहिला, त्यांनी तो अर्धामुर्धाच पाहिला, आणि तोच पूर्ण समजून ती घरी गेली.

म्हणून नाना तुकडे टाकत नसत. मी कचऱ्यात टाकायला गेले की म्हणायचे, "फेकू नको बेटा, कोणले तरी कामले ई."

तंबू 1991 ला कायमचा उतरला. मालकाकडे शेडमध्ये पेट्या होत्या, मुदत संपलेल्या प्रिंटच्या. त्याने त्या किलोवर भंगारात घातल्या. कृष्णधवल फिल्मच्या थरात चांदी असते, ती काढून घेतात. देशभर हेच झालं आहे. आपल्याकडे सुमारे 1300 मूकपट बनले, त्यातले तीससुद्धा आज पूर्ण किंवा तुटक स्वरूपात हाती नाहीत. 1931 चा 'आलम आरा', पहिला बोलपट, त्याचा एकही फूट उरलेला नाही. त्या दिवशी नाना शेडच्या दारात उभे होते. भंगारवाला कुऱ्हाडीने रिळं मधोमध तोडत होता, नंतर कुणी चालवू नये म्हणून. नाना घरी येऊन जेवले नाहीत एवढंच मला आठवतं.

आता 'मंथन' या वाचलेल्या चित्रपटाबद्दल, कारण तो मी मुंबईला जाऊन पाहिला.

2024 च्या मे महिन्यात, जुने चित्रपट जपणाऱ्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने पुन्हा उभा केलेला 'मंथन' फ्रान्समधल्या कान महोत्सवात दाखवला आणि 1 व 2 जूनला तो देशात चित्रपटगृहांत लागला. मी भुसावळहून रात्रीच्या गाडीने मुंबईला लेकीकडे गेले, फक्त त्यासाठी. गुजरातच्या 5 लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी 2 रुपये घालून 1976 साली काढलेला हा चित्रपट. पटकथा विजय तेंडुलकरांची. आणि त्यात आपली स्मिता. आपली म्हणते, कारण तिचे वडील शिवाजीराव पाटील शिरपूरचे. डिसेंबर 1986 मध्ये ती गेली तेव्हा आमचा तंबू सारंगखेड्याला होता. नानांनी मासिकातला तिचा फोटो कापून तिकीट खिडकीवर लावला होता आणि यात्रेतून झेंडूचा हार आणून त्याला घातला होता. तिकीट काढायला आलेल्या बायका आधी हात जोडायच्या.

'मंथन' मी आधी व्हिडिओ कॅसेटवर पाहिला होता. त्यात माती आणि म्हशी आणि माणसं सगळी एकाच विटकरी रंगात बुडालेली होती. मोठ्या पडद्यावर स्मिताच्या हातावरचं गोंदण दिसलं, तिच्या ओढणीचा जुनेपणा दिसला, दुपारच्या उन्हात तिने डोळे बारीक केले तेव्हा पापणीवरची धूळ दिसली. शेजारी लेक होती. तिला मी म्हटलं, "बघ, जॉइंट कुठेच नाही." ती हसली, पण मी सगळा वेळ तेच बघत होते. एवढा मोठा चित्रपट आणि एकदाही उडी नाही.

घरी येऊन हे काम कसं करतात ते मी वाचून काढलं. मूळ निगेटिव्ह पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात होती. तिचे रंग उडाले होते, चित्र लुकलुकत होतं आणि हिरव्या बुरशीचे डाग पडले होते. असं काम आधी टेबलावर, हाताने होतं. फाटलेली भोकं दुरुस्त करायची, जुने जॉइंट तपासायचे, फिल्म धुवायची. मग एकेक फ्रेम स्कॅन करायची. सव्वादोन तासांच्या चित्रपटात त्या जवळपास दोन लाख भरतात. त्यानंतर ओरखडे, धूळ, लुकलुक काढायची. रंग कसे होते हे ठरवायला दिग्दर्शक श्याम बेनेगल आणि कॅमेरामन गोविंद निहलानी स्वतः होते. बेनेगल त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गेले. आणखी थोडा उशीर झाला असता तर ते रंग विचारायचे कुणाला?

पण मला हलवून गेली ती दुसरी गोष्ट. आवाज त्यांनी घेतला तो फाउंडेशनकडे जपलेल्या एका 35 मिलिमीटरच्या रिलीज प्रिंटवरून. रिलीज प्रिंट म्हणजे थिएटरला पाठवायची प्रिंट, आमच्यासारख्यांच्या हातातून जाणारी! कुठल्या तरी ऑपरेटरने ती नीट गुंडाळली होती, तिच्यावर पाय ठेवला नव्हता, तिला तेलाचा हात लावला नव्हता.

'शोले'चंही तसंच. जो शेवट 1975 साली कापावा लागला, ज्यात ठाकूर गब्बरला मारतो, तो परत जोडून 2025 च्या जूनमध्ये इटलीत बोलोन्याला दाखवला. त्यासाठी लागलेली काही फिल्म ब्रिटनमधल्या एका गोदामात पडून होती. आणि 1964 साली सुरू झालेलं पुण्याचं संग्रहालय उभं करणारे पी. के. नायर तर दारोदार फिरले. 'राजा हरिश्चंद्र'ची आज हाती असलेली पहिली आणि शेवटची रिळं नाशिकला फाळक्यांच्या घरच्यांकडून त्यांनी मिळवली. मधली गेली. नाशिक आपल्यापासून किती लांब आहे? रिळं अशीच सापडतात, कुणाच्या तरी घरात.

सापडली तरी टिकायला हवीत. 2003 च्या जानेवारीत पुण्यात जुन्या काळच्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि प्रभातच्या मूळ निगेटिव्ह त्यात जळाल्या. नायट्रेट पेटते. त्यानंतर आलेली ॲसिटेटची फिल्म तशी सहज पेटत नाही, ती कुजते. ऊन आणि दमट हवा लागली की तिच्यातून ॲसिटिक आम्ल सुटतं, म्हणजेच सिरक्यातलं आम्ल. माझ्या माळ्यावरचा वास तो. एकदा सुरू झालं की ते आम्लच पुढची कूज वाढवतं, फिल्म आकसते, वाकते, शेवटी भोकं प्रोजेक्टरच्या दातांवर बसत नाहीत. शेजारच्या डब्यालाही ते बाधतं.

आणि आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये 45 अंश. कृष्णधवल फिल्म 12 ते 16 अंशात ठेवतात, रंगीत 2 ते 4 अंशात. बारा-सोळा अंश ऐकून मला आधी केळीच आठवली. रावेर-सावद्याचा माल 13-14 अंशाच्या गारव्यात परदेशी जातो. चार दिवस टिकणाऱ्या केळीसाठी आपण एवढी गार खोली बांधू शकतो. फिल्मचे डबे मात्र आमच्या मालकाने कपाशीच्या पोत्यांबरोबर ठेवले होते.

आता जिकडेतिकडे जुने चित्रपट पुन्हा लागताहेत. मला आनंदच आहे, पण पुन्हा लावणं आणि पुन्हा उभं करणं यातला फरक लोकांना सांगायला हवा. टीव्हीची प्रत संगणकावर मोठी करून, चित्रातले बारीक दाणे पुसून, चेहरे मेणासारखे गुळगुळीत केले की झालं असं नाही. ते दाणे फिल्मचेच असतात, ते राहायलाच हवेत. 2025 मध्ये एका हिंदी चित्रपटाची तमिळ आवृत्ती तर एआयने शेवट बदलून लावली. दिग्दर्शकाचा विरोध असताना लावली. हे वाचून मला चूल आणि बैलगाडी आठवली. त्या ऑपरेटरने निदान फाटलं म्हणून कापलं असेल.

आणि हे चित्रपट इकडे का येत नाहीत? 'श्यामची आई' घ्या. साने गुरुजी अमळनेरला शिकवायचे. त्यांच्या पुस्तकावर अत्र्यांनी काढलेल्या चित्रपटाला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं. तंबूत तो लागला की बोरीच्या पात्रात बसायला जागा उरायची नाही. रीळ बदलताना एरवी शिट्ट्या वाजायच्या, "ए मास्तर, लाव ना भो!" असं ओरडायचे. त्या चित्रपटाला मात्र अंधारात नुसते नाक ओढल्याचे आवाज. पूर्ण, स्वच्छ 'श्यामची आई' अमळनेरच्या माणसाला त्याच्या गावात मोठ्या पडद्यावर बघता यावा, एवढंच माझं मागणं आहे. प्रोजेक्टर आता एका टेम्पोत मावतो आणि बोरीचं पात्र अजून तिथेच आहे.

नानांच्या डब्यातले तुकडे मी मोकळे करून सुती कापडावर पसरले, घरातल्या थंड खोलीत. नवा डबा आणला आहे, बंद न होणारा, हवा खेळेल असा. बहुतेक तुकडे आता सरळ होणार नाहीत. एक मात्र चांगला आहे. ट्यूबलाइटसमोर धरला तर नदीकाठी एक बाई घागर उतरवताना दिसते, मागे काठावर कुणी उभं आहे. मोजल्या, 11 फ्रेम. अर्धा सेकंदही नाही. कुठला चित्रपट ते माझ्या लक्षात येत नाही आणि नानांना आता विचारता येत नाही. फोटो काढून संग्रहालयाला पाठवणार आहे.

हे सगळं बोलत सुटले म्हणून असेल, गेल्या आठवड्यात एकाचा फोन आला. आमच्यासारखाच तंबू चालवणाऱ्या एका मालकाचा नातू, सावद्याचा. केळीच्या क्रेटखाली सात पेट्या आहेत म्हणाला, आजोबांच्या, उघडलेल्या नाहीत. आंबट वास येतो का, मी विचारलं. एकीला येतो म्हणाला. ती बाकीच्यांपासून लांब ठेव आणि काहीही झालं तरी उन्हात काढू नको, इतकं सांगून मी फोन ठेवला. रविवारी सकाळच्या एसटीने जाते आहे. सुती हातमोजे घेतलेत, आणि नानांचं भिंगसुद्धा.