स्क्रीनवरचे 17.2 अंश

केळी पिकवायच्या चेंबरमध्ये तापमान 16 ते 18 अंशांच्या दरम्यान धरून ठेवावं लागतं. 13 च्या खाली गेलं की साल काळवंडते. फार वर गेलं की गर आतून मऊ पडतो आणि साल हिरवटच राहते. दोन्हीपैकी काहीही झालं तरी व्यापारी गाडीपाशी उभा राहून एक फणी उचलतो, दाबून बघतो आणि भाव पाडतो. रावेर तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचा हिशेब आणि खरेदी मी बघतो. आमच्या एका चेंबरमध्ये 10 टन माल बसतो आणि तो चार-सहा शेतकऱ्यांचा मिळून असतो. म्हणून मोबाइलवर तापमान दाखवणारी आणि बिघाड झाला की लगेच कळवणारी सेवा घ्यायचं संचालक मंडळाने ठरवलं. कंपनी शोधायचं काम माझ्याकडे आलं.

एका कंपनीची वेबसाइट सगळ्यांना आवडली. वर मोठ्या अक्षरात '15+ वर्षांचा अनुभव', '500+ समाधानी ग्राहक', 'आयएसओ प्रमाणित', '99.99% अपटाइम', म्हणजे सेवा एकूण वेळेपैकी किती टक्के चालू असते तो आकडा. खाली नावाजलेल्या कारखान्यांच्या लोगोंच्या रांगा. आमचे अध्यक्ष, ज्यांना सगळा गाव नाना म्हणतो, ते पान बघून म्हणाले, "भाऊ, एवढे मोठे लोक वापरता म्हणजे चांगलंच असंल ना? आपण कायले वेळ घालवतो?"

"नाना, डेमोला ते गुरुवारी येणार आहेत. तोवर मी जरा बघून घेतो."

कोटेशनच्या लेटरहेडवर कंपनीचा सीआयएन, म्हणजे सरकारी नोंदणीचा ओळख क्रमांक, होता. हा 21 अक्षर-अंकांचा नंबर असतो आणि तो वाचता आला तर बरंच सांगून जातो. पहिलं अक्षर कंपनी शेअर बाजारात नोंदलेली आहे की नाही ते सांगतं, पुढचे पाच अंक उद्योगाचे, मग राज्याची दोन अक्षरं आणि त्यानंतरचे चार अंक म्हणजे नोंदणीचं वर्ष. इथे ते वर्ष 2019 होतं. केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर तपासलं, तिथेही तेच. मग 15 वर्षं आली कुठून? विक्री प्रतिनिधीला फोनवर विचारलं. तो म्हणाला, "सर, आमच्या दोन्ही डायरेक्टरांचा एकत्रित अनुभव धरलाय." अशी बेरीज वेबसाइटवर सर्रास केली जाते. त्यात त्या माणसांचं ज्ञान खोटं ठरत नाही, पण कंपनीने पंधरा पावसाळे पाहिलेत असं वाचणाऱ्याला वाटतं, ते खरं नसतं.

आयएसओचा नुसता शिक्का होता, कुठलं मानक ते लिहिलेलं नव्हतं. मागितल्यावर प्रमाणपत्र आलं ते 9001:2015 चं. जिनिव्हाची आयएसओ संस्था मानकं तयार करते, प्रमाणपत्र स्वतः कोणालाच देत नाही. ते देणाऱ्या संस्था वेगळ्या असतात आणि त्या संस्थांना भारतात एनएबीसीबीची (प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था तपासून त्यांना मान्यता देणाऱ्या मंडळाची) मान्यता आहे का, हे बघावं लागतं. या प्रमाणपत्रावर कुठल्याच मान्यता मंडळाचं चिन्ह नव्हतं. व्याप्तीच्या रकान्यात 'संगणक साहित्याची विक्री' लिहिलेलं. आणि समजा सगळं बरोबर असतं, तरी 9001 म्हणजे कामाच्या पद्धतीच्या दर्जाचं मानक. आमच्या चेंबरमधला सेन्सर अर्धा अंश चुकीचा दाखवतो की दोन अंश, याच्याशी त्याचा काही संबंध नाही. त्यासाठी एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या मंडळाची) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचा कॅलिब्रेशन दाखला, म्हणजे सेन्सर किती अचूक मोजतो ते तपासल्याचा कागद, लागतो, त्यावर सेन्सरचा सिरियल नंबर आणि तारीख असते. तो मागितला तेव्हा "बघून सांगतो" असं उत्तर आलं.

लोगोंच्या रांगेत जळगाव एमआयडीसीतली एक दालमिल होती. तिथल्या स्टोअरमध्ये माझ्या मावसभावाचा मित्र आहे. त्याला फोन लावला. "हो, लावलं होतं ना, महिनाभर ट्रायलवर. नंतर परत पाठवलं. चांगलं-वाईट असं काही नाही, आमच्या कामाचं नव्हतं." म्हणजे लोगो खोटा म्हणता येत नाही. पण ट्रायल घेऊन परत पाठवणारा आणि पाच वर्षं भाडं भरणारा, दोघे त्या रांगेत एकाच मापाच्या चौकटीत बसतात. तेव्हापासून कोणाचाही लोगो दिसला की मी एकच विचारतो, यांच्याकडे यंत्र आज चालू आहे का, आणि तिथे रोज ते बघणाऱ्या माणसाचा नंबर द्याल का?

गुरुवारी डेमोला तो प्रतिनिधी आला. मुलगा साधा, हुशार, धुळ्याकडचा. एक चेंबर रिकामं होतं, त्यात सेन्सर बसवला. बाहेर एप्रिलचं ऊन, आत कॉम्प्रेसर चालू. नानांच्या मोबाइलवर हिरव्या चौकोनात 17.2 आलं, बाजूला 'लाइव्ह'. भिंतीवरच्या आमच्या जुन्या थर्मामीटरवरही तेवढंच. सगळे खूश.

तेवढ्यात चेंबर सांभाळणारा आमचा दादा म्हणाला, "साहेब, लाइन गेली तर?"

"काळजी नको. सर्व्हर क्लाउडवर आहे, तो बंद पडत नाही."

"सर्व्हर नाही हो. इथली लाइन."

मी म्हटलं, बघूच. यंत्राचा अ‍ॅडॉप्टर बोर्डातून काढला, कॉम्प्रेसर बंद केला आणि चेंबरचं दार सताड उघडं ठेवलं. आमच्याकडे रात्री एखादा फेज गेला की नेमकं हेच होतं, जनरेटर सुरू करायला कोणी जागं नसलं तर. भिंतीवरचा काटा 19 वर गेला, मग 22 वर. नानांच्या हातातल्या स्क्रीनवर 17.2. हिरवं. लाइव्ह. अर्ध्या तासाने काटा 26 च्या पुढे गेला होता आणि मोबाइलवर 17.2 च होतं. ना मेसेज, ना फोन.

प्रतिनिधीचा चेहरा उतरला. त्याने त्यांच्या इंजिनिअरला फोन लावून स्पीकरवर टाकलं. इंजिनिअर सरळ माणूस निघाला. म्हणाला, यंत्राकडून नवीन आकडा आला नाही तर स्क्रीन शेवटचा आकडाच धरून ठेवते. शेवटचा आकडा कधी आला ती वेळ दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात असते.

तिथे उभं असताना मला 99.99 चा अर्थ नीट कळला. वर्षाचा हिशेब केला तर 99.99 टक्के म्हणजे फक्त साडेबावन्न मिनिटं बंद, 99.9 म्हणजे पावणेनऊ तास. पण कोण बंद? त्यांचा सर्व्हर. आमचं चेंबर तापत होतं त्या अर्ध्या तासात त्यांची सेवा त्यांच्या मोजमापाने शंभर टक्के चालू होती. आकडा खोटा नव्हता. आम्हाला ज्याची धास्ती होती, ते तो मोजतच नव्हता. सॉफ्टवेअर सेवा विकणाऱ्यांच्या पानावर टक्केवारी दिसली की काय मोजलं, कुठे मोजलं आणि कोणी मोजलं, हे विचारल्याशिवाय ती टक्केवारी निरुपयोगी आहे असं माझं ठाम मत झालंय.

त्यांच्या कराराचा मसुदा संध्याकाळी वाचला. त्यात 99.99 कुठेच नव्हतं. 'शक्य ते सर्व प्रयत्न' एवढंच, आणि नुकसानीची कमाल जबाबदारी एका महिन्याच्या भाड्याइतकी. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फसव्या जाहिरातींवर कारवाईची तरतूद आहे, पण व्यापारी कारणासाठी सेवा घेणाऱ्याला तो कायदा ग्राहक मानत नाही. आमच्यासारख्यांसाठी वेबसाइटवर काय लिहिलंय यापेक्षा सहीच्या कागदावर काय उतरलंय हेच कामाचं. नानांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "मग त्याहिले सांग, जे पाटीवर लिहिलं ते कागदावर लिहा."

मी तसं पत्र पाठवलं. दहा मिनिटं आकडा आला नाही तर चौकोन लाल व्हायला हवा आणि दोन नंबरांवर फोन जायला हवा. यंत्राला बॅटरी हवी. प्रत्येक सेन्सरचा कॅलिब्रेशन दाखला हवा. अपटाइम आमच्या चेंबरमधून पोचलेल्या आकड्यांवर मोजायचा. पहिल्या तीन गोष्टी त्यांनी मान्य केल्या, चौकोन लाल होण्याची सोय त्या इंजिनिअरने पंधरवड्यात करूनही दिली. चौथीवर बरीच ओढाताण झाली आणि शेवटी 99 टक्क्यांवर सही झाली, भाडं महिन्याच्या महिन्याला, आगाऊ काही नाही.

त्यांच्या वेबसाइटवर आजही 99.99 च आहे. तो आकडा कशाचा ते तिथे स्पष्ट लिहा, असं मी त्यांना दोनदा कळवलंय. मागच्या आठवड्यात यावलच्या एका बागायतदाराने तेच पान बघून मला फोन केला. त्याला मी आमच्या करारातलं अपटाइमचं कलम व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं आणि सांगितलं, डेमोला आले की आधी अ‍ॅडॉप्टर काढा.