गिटार पुन्हा हातात घ्यायची, मुलांसकट

कित्येक वर्षांनी गिटार बाहेर काढली की दहा मिनिटांत बोटं ठणकायला लागतात आणि एफ कॉर्ड (कॉर्ड म्हणजे एकत्र छेडायचे काही सूर) काही केल्या स्वच्छ वाजत नाही. बहुतेक जण याचं खापर वयावर फोडतात. वयाचा हात त्यात थोडाफार असतो, पण बरेचदा खरा दोष तारांच्या उंचीचा असतो. घरातलं मूल तीच गिटार मांडीवर घेतं आणि पाच मिनिटांत बाजूला ठेवतं, त्याचंही मोठं कारण हेच. त्यामुळे सरावाआधी वाद्य तपासा.

जुन्या तारा ताणण्यापूर्वी ब्रिजच्या, म्हणजे खोक्यावर तारा अडकवलेल्या लाकडी पट्टीच्या, मागच्या कडेखाली कागदाचा तुकडा सरकतो का बघा. सरकला तर ब्रिज सुटायला लागला आहे. ती गिटार सुरात लावू नका, आधी दुरुस्त करणाऱ्याला दाखवा. स्टीलच्या तारांचा एकूण ताण सुमारे ७० किलोचा असतो. अर्धवट सुटलेला ब्रिज तो फार दिवस सोसत नाही. नायलॉनच्या तारांचा ताण जवळपास त्याच्या निम्मा. म्हणून नायलॉनसाठी बनवलेल्या गिटारवर स्टीलच्या तारा कधीच चढवू नयेत. आवाज मोठा येईल या आशेने लोक हे करतात आणि काही महिन्यांत पुढची फळी फुगते.

ब्रिज ठीक असेल तर गिटार सुरात लावून तारांची उंची मोजा. बाराव्या फ्रेटची (मानेवरच्या घराची) धातूची पट्टी आणि तारेची खालची बाजू यांच्यातलं हे अंतर, याला ॲक्शन म्हणतात. स्टीलच्या गिटारवर जाड सहाव्या तारेखाली साधारण २.५ मिलिमीटर आणि बारीक पहिल्या तारेखाली २ मिलिमीटरच्या आसपास हवं. नायलॉनला ४ आणि ३ चालतं. स्टीलवर ३.५ किंवा ४ भरत असेल तर बोटांना दोष देऊ नका.

उंची का वाढली हे शोधायला सहावी तार पहिल्या फ्रेटवर आणि मान जिथे खोक्याला मिळते त्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा. मधे, सातव्या फ्रेटपाशी, तार आणि पट्टी यांच्यात साध्या व्हिजिटिंग कार्डाएवढी फट असावी. फट त्याहून बरीच मोठी असेल तर मान पुढे वाकली आहे. ट्रस रॉड (मानेच्या आतली, तिचा बाक कमी-जास्त करणारी सळई) असलेल्या गिटारवर तो एका वेळी आठवा हिस्सा फेराच घट्ट करायचा, पुन्हा सुरात लावायचं आणि मग मोजायचं. जोर लावावा लागतोय असं वाटलं की तिथेच थांबा. मान सरळ असूनही तारा उंच असतील तर सॅडल (ब्रिजवरची, तारा टेकतात ती पातळ पट्टी) खालच्या बाजूने घासून कमी करता येतो: सॅडल १ मिलिमीटर घासला की बाराव्या फ्रेटवर उंची अर्धा मिलिमीटर उतरते. घाईत जास्त घासलं गेलं की तारा झणझणतात आणि नवा सॅडलच घालावा लागतो, त्यामुळे आधी पेन्सिलने रेघ मारून घ्या.

नटची, म्हणजे मानेच्या टोकाला तारा ज्या खाचांमधून जातात त्या पट्टीची, परीक्षा सोपी आहे. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावा आणि एफचा आकार एक फ्रेट पुढे धरून वाजवा. अचानक सोपं झालं तर नटच्या खाचा उंच आहेत. त्या खोल करायचं काम मात्र घरी करू नये. त्याला योग्य जाडीच्या कानशी लागतात आणि खाच जास्त खोल गेली की मोकळी तार झणझणते. तोवर कॅपो लावूनच सराव केला तरी बिघडत नाही.

तारा नव्याच घ्या. गंजलेली तार बोटं सोलते आणि वरच्या फ्रेटवर बेसूर होते. पूर्वी १२-५३ चा (सर्वात बारीक आणि सर्वात जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) संच वाजवत असाल तर आता १०-४७ किंवा ११-५२ घ्या. डाव्या हाताला फरक लगेच कळतो. हलक्या तारांनी ताण कमी होतो, मान थोडी मागे जाते आणि पहिल्या दोन-तीन फ्रेटवर झणझण सुरू होऊ शकते. असं झालं तर ट्रस रॉड किंचित सैल करायचा. तार चढवताना तिच्या टोकाचा गोळा ब्रिजखालच्या फळीला आतून टेकला पाहिजे. तार धरून ठेवणारी पिन ठोकून बसवू नका. पिन सैल ठेवून तार वर ओढा, गोळा अडकल्याचं हाताला जाणवलं की पिन दाबा. खुंटीवर जाड तारांचे दोन-तीन वेढे पुरतात. नायलॉनच्या तारा बसायला काही दिवस घेतात, तोवर त्या रोज उतरणारच.

पहिले दोन आठवडे सलग तासभर वाजवण्यापेक्षा दिवसातून दोनदा १० ते १५ मिनिटं वाजवा. बोटांच्या टोकांना घट्टे पडायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. टोकं हुळहुळणं ठीक, पण मनगटात किंवा कोपराखाली दुखलं की त्या दिवशी थांबायचं. परत आलेल्या वादकाची खरी अडचण वेगळीच असते. कॉर्डचे आकार हाताला आठवतात, हरवलेल्या असतात त्या दोन कॉर्डमधल्या हालचाली. त्यासाठी मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवा, चार मात्रा जी, चार मात्रा सी, आणि उजवा हात कुठल्याही परिस्थितीत थांबवायचा नाही. डावा हात वेळेत पोचला नाही तर मोकळ्या तारा वाजू देत. सलग आठ आवर्तनं जमली की चार-पाचने गती वाढवा. एफसाठी पहिले काही आठवडे बारीक चार तारांचा छोटा एफ पुरे. पूर्ण बार (एका बोटाने सगळ्या तारा दाबणं) धरताना तर्जनी सपाट न ठेवता अंगठ्याकडच्या कडेवर थोडी कलती ठेवा आणि कोपर अंगाजवळ घ्या.

आता मूल. मोठ्यांची गिटार मुलाच्या हातात देणं ही सर्वात जास्त दिसणारी चूक. पूर्ण आकाराच्या गिटारवर नटपासून सॅडलपर्यंत तारेची लांबी साधारण ६५ सेंटिमीटर असते. पाऊण आकाराची साधारण ५८ आणि अर्ध्या आकाराची ५३ च्या आसपास. म्हणजे 'अर्धी' गिटार लांबीने अर्धी नसतेच, नावावर जाऊ नका. साधारण सहा ते आठ वर्षांच्या मुलाला अर्धी, आठ ते अकराला पाऊण, त्यापुढे पूर्ण. वयापेक्षा हात बघा: मूल ताठ बसलेलं असताना डावा हात पहिल्या फ्रेटवर पोचला पाहिजे आणि कोपर तरीही वाकलेलं राहिलं पाहिजे. तारा नायलॉनच्याच. पाय लोंबकळत असतील तर पायाखाली पाट किंवा स्टूल द्या, नाहीतर गिटार घसरते आणि मूल डाव्या हाताने ती धरून ठेवत बसतं.

फार छोट्या गिटारवर नेहमीच्या सुरात जाड तारा ढिल्या पडतात. पाव आकाराच्या गिटारसाठी पाच अर्धस्वर चढ्या सुरात लावण्याचे, म्हणजे जाड तारेकडून ए, डी, जी, सी, ई, ए असे वेगळे संच मिळतात. मुलाची गिटार तशी असेल तर तुमच्या गिटारवर पाचव्या फ्रेटला कॅपो लावा. दोघांचे आकार तेच राहतात आणि सूर जुळतो. नेहमीच्या तारा मात्र एवढ्या चढवू नका, तुटतात. युकुलेले असेल तरी हाच कॅपो चालतो, कारण तिच्या चार तारांवरचे आकार गिटारच्या बारीक चार तारांसारखेच असतात.

मुलाला तुमचाच अभ्यासक्रम देऊ नका. तीन बोटांचा जी त्याच्या हाताला महिनोन्‌महिने जमत नाही आणि जमण्याची गरजही नाही. फक्त बारीक तीन तारा वापरा. काहीच न दाबता त्या तीन तारा छेडल्या की ई मायनर. पहिल्या तारेचा तिसरा फ्रेट दाबला की जी. तीच तार पहिल्या फ्रेटवर दाबली की जी सेव्हन. दुसऱ्या तारेचा पहिला फ्रेट दाबला की सी. एका बोटात चार कॉर्ड! गाण्यात डी आला तर त्या जागी मोकळी चौथी तार एकटी वाजवायची, ती डीच असते. तुम्ही पूर्ण कॉर्ड आणि स्ट्रमिंग सांभाळा, मुलाने फक्त प्रत्येक आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर एकदा अंगठा फिरवायचा. ते पक्कं झालं की पहिली आणि तिसरी मात्रा. पिक (तारा छेडायची चकती) नंतर, आणि तेही पातळ, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचं.

बोट पट्टीच्या लगेच मागे ठेवायला लावा. फ्रेटच्या मधोमध दाबलं की जास्त जोर लागतो आणि तार झणझणते. लहान मुलांच्या बहुतेक 'वाजत नाही' या तक्रारी इथेच संपतात. उरलेल्या तक्रारी वाढलेल्या नखांच्या असतात.

सूर लावण्याचं काम वाटून घ्या: ट्यूनरचा काटा मुलाने बघायचा, खुंटी तुम्ही फिरवायची. मूल एकटं खुंटी फिरवेल तर पहिली तार तुटेल, हे गृहीत धरा. ट्यूनर ४४० हर्ट्‌झवरच आहे ना हेही बघा. चुकून बटण दाबलं जाऊन एक ट्यूनर ४३५ वर गेला की दोन्ही गिटारी आपापल्या जागी सुरेल आणि एकत्र बेसूर.

एकत्र वाजवणं सात-आठ मिनिटांत थांबवा, आणि गाणं मधे कधीच तोडू नका. चुकलेली कॉर्ड दुरुस्त करायला मोठ्यांनी थांबायची सवय लावली की मुलाला लय कळत नाही, फक्त चूक कळते. पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर परत यायचं, एवढाच नियम. मुलाचं बोट हाताने उचलून जागेवर ठेवण्यापेक्षा समोर बसून आपल्या गिटारवर दाखवा. तुमचा स्वतःचा सराव मात्र वेगळ्या वेळी करा. मुलाच्या गतीने वाजवून तुमचे बदल सुधारत नाहीत, आणि तुमच्या गतीने वाजवून मूल टिकत नाही.

एका बोटाच्या कॉर्ड सहज बदलायला लागल्या की पुढची पायरी दोन बोटांचा ए मायनर: तिसऱ्या तारेचा दुसरा फ्रेट, दुसऱ्या तारेचा पहिला. इथे दुसऱ्या तारेवरची तर्जनी बऱ्याचदा पहिल्या तारेला टेकून तिला मुकी करते. तारा एकेक करून छेडल्या की कुठली अडली ते मुलाला स्वतःलाच ऐकू येतं.