मुंबई ते खांडस: दिवा लागला, तरी पुढची चाकं फिरेनात

फोर व्हील ड्राइव्ह गाडी चिखलात घालायला जुलैतल्या रविवारी कर्जतकडे जायचं तर उजाडायच्या आत मुलुंड सोडावं. ऐरोलीचा पूल, ठाणे-बेलापूर रोड, मग पनवेल. पनवेलला सवयीनं एक्सप्रेस-वेवर चढू नका, जुना पुणे हायवे धरा आणि चौक फाट्याला डावीकडे वळा. कर्जत आलं की पुढे कशेळे आणि खांडस. भीमाशंकरला शिडी घाटानं चढणारे ट्रेकर्स याच रस्त्यानं येतात, त्यामुळे चहाची सोय पहाटेही होते.

खांडसच्या अलीकडे ओळखीच्या काकांचं माळरान आहे. एक ओढा, एक चढ आणि मधे भरपूर चिकण माती. काकांना आदल्या दिवशी फोन करून वाट विचारून घेतली होती. भातलावणीचे दिवस असतात, खाचरात चाक गेलं तर कुणाचं तरी वर्षाचं पीक तुडवलं जातं. न विचारता शिरणाऱ्या मुंबईच्या गाड्यांमुळे तिथली माणसं आधीच वैतागलेली आहेत, आणि त्यांचं बरोबरच आहे.

गाड्या तीन होत्या. माझी जिम्नी, एका मित्राची ऑल व्हील ड्राइव्ह एसयूव्ही आणि दुसऱ्याची जुनी डिझेल जीप. कंपनीचं नाव राहू द्या, गाडीचं वयच झालंय.

चिखल सुरू होण्याआधी कोरड्या तुकड्यावर थांबून सगळ्यांनी फोर व्हील लावून घेतलं. बरेच जण इथेच चुकतात. आधी टू-एचमध्ये, म्हणजे फक्त मागच्या चाकांच्या जोरावर रेटतात, मागची चाकं खड्डा खणतात, डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटणारा ॲक्सलवरचा गोळा) मातीला टेकतं आणि मग फोर व्हीलचा लिव्हर आठवतो. जिम्नीसारख्या पार्ट-टाइम, म्हणजे फोर व्हील लागेल तेव्हाच जोडायच्या गाडीत फोर-एच (चारही चाकं, नेहमीचा वेग) सरळ चालतानाही पडतो. फोर-एलसाठी (चारही चाकं, कमी वेग, जास्त जोर) मात्र थांबायचं, गिअर न्यूट्रलला, क्लच पूर्ण दाबून लिव्हर ओढायचा. आतल्या गिअरचे दात जुळले नाहीत तर अडतो. जोर लावू नका, गाडी किंचित हलवून पुन्हा ओढा.

ओढा ओलांडला आणि चढाला जीप रुतली. डॅशबोर्डवर फोर व्हीलचा दिवा लागलेला, इंजिन बोंबलतंय, मागून चिखलाचे फवारे. बाजूला घोंगडी पांघरून उभ्या असलेल्या काकांनी एका वाक्यात निदान केलं, "दादा, पुढची नुसती बघतायत."

वाकून पाहिलं तर पुढच्या ॲक्सलकडे ताकद नेणारा प्रॉपेलर शाफ्ट फिरत होता, चाकं मात्र ढिम्म. या जीपचे पुढचे हब, म्हणजे ॲक्सलला चाक जोडणारे भाग, व्हॅक्यूमवर (नळीतून हवा ओढून) लॉक होतात. दिव्याचा स्विच असतो ट्रान्सफर केसवर, म्हणजे ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या गिअरपेटीवर. म्हणजे केस जोडली गेली की दिवा लागणार, हब जोडला गेलाय की नाही ते त्याला कळतच नाही. बोनेट उघडून व्हॅक्यूमची रबरी नळी चाचपत गेलो. फायरवॉलपाशी, धातूच्या नळीवर ती चढते तिथे रबर कडक होऊन उभी चीर गेली होती. पकडीनं तेवढं टोक कापलं, उरलेली नळी पुन्हा चढवली, क्लिप आवळली. इंजिन चालू, लिव्हर पुन्हा फोरला, आणि पुढच्या चाकांनी माती पकडली. अशी गाडी असेल तर हातभर जादा व्हॅक्यूम नळी डिकीत टाकाच, फार तर शंभरेक रुपयांची गोष्ट.

ऑल व्हील ड्राइव्हवाल्याचं दुखणं वेगळं. तिथे मागच्या चाकांना ताकद एका क्लचमधून जाते. चाकं गरागरा फिरवत राहिलं की तो क्लच तापतो, मग गाडी स्वतःला वाचवायला मागचा जोर काढून घेते. अशा वेळी ॲक्सिलरेटर सोडा, इंजिन चालू ठेवून थंड होऊ द्या. लॉकचं बटण असेल तर चिखलाआधीच दाबा.

फोर व्हील म्हणजे चारही चाकांना हमखास ताकद, असंही नाही. समोरचं डावं आणि मागचं उजवं चाक अधांतरी झालं की साध्या डिफरन्शियलमधून सगळी ताकद त्या हवेतल्या चाकांनाच जाते. रेअर लॉकर (मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं लॉक) असेल तर इथे उपयोगी पडतो. चिखलात टायरची हवा वीस पीएसआयच्या आसपास आणली तर पकड वाढते, तेही स्वस्तात. परतताना मात्र हायवेआधी भरायची, म्हणून पंप सोबत हवा.

कशेळ्याच्या काँक्रीटवर जीपवाला फोर-एचमध्येच वळला. स्टिअरिंग जड, गाडी अडखळत, लिव्हर निघेना. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. पुढच्या-मागच्या ॲक्सलच्या मधे डिफरन्शियल नसलं की तो फरक शाफ्टमध्ये पीळ होऊन साठतो. सरळ रेषेत थोडं रिव्हर्स घेतलं, लिव्हर अलगद सुटला. टायर वेगवेगळे झिजले असतील तर सरळ रस्त्यावरही हाच त्रास होतो, एक जोडी नवी आणि एक जुनी ठेवू नका.

ओढ्यात गरम डिफरन्शियल एकदम थंड होतं. ब्रीदर (त्याची हवा आत-बाहेर जाण्याची नळी) तुंबलेला असेल तर ते सीलमधून पाणी ओढतं. घरी आल्यावर ऑइल पाहा, दुधाळ दिसलं तर लगेच बदला. खालून गाडी धुताना हबपाशी अडकलेली माती बोटानं काढावी लागते, प्रेशर पंपानं ती हलत नाही. आणि महिन्यातून एकदा ओल्या कच्च्या रस्त्यावर दहा-पंधरा किलोमीटर फोर-एचमध्ये चालवत जा. मुंबईत वर्षभर टू-एचमध्येच फिरलेल्या गाडीचा लिव्हर नेमका चिखलात अडतो.